नाक्यावर उभं राहून वही भरणाऱ्या बायका : ‘मखसोम वॉच’ नेमकं काय करते?

जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यातलं आष्टी. (बीडची आष्टी वेगळी आणि वर्ध्याचीही वेगळी.) इथल्या माणसाचं तहसीलचं काम परतूरला, रेल्वे पकडायची तीही परतूरला आणि कलेक्टर ऑफिस जालन्याला. एसटी वेळेवर येईल का, हा प्रश्न रोजचा असतो. पण वाटेत बंदूकधारी सैनिक गाडी थांबवून ‘परवाना दाखव’ म्हणतील का, हा प्रश्न इथे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

आता समजा, या रस्त्यावर एक लष्करी नाका आहे. तो कधी दहा मिनिटांत पार होतो, तर कधी तीन तास लागतात. कधी कारण न सांगता बंदच असतो. पोराची परीक्षा, बाईचं बाळंतपण, बाजारात न्यायची भाजी, सगळं त्या नाक्याच्या मर्जीवर. पॅलेस्टाईनमधल्या वेस्ट बँक भागात लाखो लोकांचं आयुष्य गेली कित्येक वर्षं असंच चाललंय.

या नाक्यांवर २००१ पासून काही इस्रायली बायका जाऊन उभ्या राहतात. पाहतात, वेळ लिहितात, रांग मोजतात आणि घरी येऊन अहवाल टाकतात. त्यांच्या गटाचं नाव ‘मखसोम वॉच’. सत्ता, सैन्य, शस्त्र यांतलं काहीच हातात नसलेल्या माणसाने नुसतं पाहून आणि लिहून काय होतं? या गटाचा इतिहास म्हणजे या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

‘मखसोम’ म्हणजे काय?

हिब्रू भाषेत मखसोम म्हणजे अडथळा किंवा नाका. जुन्या हिब्रूत हाच शब्द तोंडाला बांधायच्या मुसक्यासाठीही येतो. रोज नाका ओलांडणाऱ्याला हे दोन्ही अर्थ वेगळे वाटत नसतील.

मराठवाड्याला नाका हा शब्द नवा नाही. आष्टी-परतूरचा हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाच्या सीमेवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे नाके असायचे. मुक्तिसंग्रामात हे नाके आंदोलकांचं लक्ष्य बनले होते. कारण नाका हे सत्तेचं सगळ्यात जवळून दिसणारं रूप असतं. राजा कधी दिसत नाही, नाकेदार रोज दिसतो.

वेस्ट बँक कुठे आहे आणि तिथे किती नाके आहेत?

इस्रायल आणि जॉर्डन यांच्या मधला, जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा भाग म्हणजे वेस्ट बँक. १९६७ च्या युद्धापासून तो इस्रायलच्या लष्करी ताब्यात आहे. क्षेत्रफळ ६ हजार चौरस किलोमीटरपेक्षा कमी, म्हणजे जालना जिल्ह्याहूनही लहान. तिथे सुमारे ३३ लाख पॅलेस्टिनी राहतात. शिवाय पूर्व जेरुसलेम वगळूनही पाच लाखांहून जास्त इस्रायली वसाहतकार तिथल्या वसाहतींमध्ये राहतात.

२०२५ च्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांच्या मानवीय मदत समन्वय कार्यालयाने या भागात ये-जा रोखणारे ८४९ अडथळे मोजले. २०२३ च्या सुरुवातीला हाच आकडा ६४५ होता. यात सैनिकांचा पहारा असलेले नाके येतात, तशी कुलूपबंद लोखंडी फाटकं, मातीचे ढिगारे, सिमेंटचे ठोकळे आणि खणलेले चरही येतात. काही नाके ‘फिरते’ असतात. सकाळी रस्त्यावर एक जीप आडवी लागते, दुपारी निघून जाते.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. हे सगळे अडथळे इस्रायलच्या सीमेवर नाहीत. बरेचसे वेस्ट बँकच्या आत, एका पॅलेस्टिनी गावाच्या आणि दुसऱ्या पॅलेस्टिनी गावाच्या मध्ये आहेत.

इस्रायलचं म्हणणं काय?

सुरक्षा. सप्टेंबर २००० मध्ये ‘दुसरा इंतिफादा’ म्हणजे पॅलेस्टिनी उठाव सुरू झाला. इस्रायली शहरांत बस आणि हॉटेलांमध्ये आत्मघातकी स्फोट झाले. पुढच्या चार-पाच वर्षांत सुमारे एक हजार इस्रायली आणि तीन हजारांहून जास्त पॅलेस्टिनी मारले गेले. नाक्यावरचे सैनिकही मारले गेले. फेब्रुवारी २००२ मध्ये रामल्लाजवळच्या एका नाक्यावरच्या हल्ल्यात सहा सैनिकांचा जीव गेला. हल्लेखोराला वाटेतच अडवायचं तर नाके लागतातच, असं सैन्य सांगतं.

पॅलेस्टिनी आणि मानवी हक्क संघटना म्हणतात, मूठभर हल्लेखोरांच्या नावाखाली लाखो सामान्य लोकांना रोज शिक्षा दिली जाते. गावा-गावांमधले नाके इस्रायलच्या शहरांपेक्षा वसाहतींच्या सोयीसाठी जास्त आहेत, असाही त्यांचा आक्षेप आहे. रुग्णवाहिका अडवल्याच्या आणि बायका नाक्यावरच बाळंत झाल्याच्या घटना संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत नोंदलेल्या आहेत.

हा गट सुरू कसा झाला?

२००१ च्या सुरुवातीला रॉनी येगर, अदी कुन्त्समन आणि येहुदित केशेत या तीन इस्रायली बायकांनी ठरवलं की नाक्यावर काय चालतं ते स्वतः जाऊन बघायचं. सुरुवात जेरुसलेम आणि बेथलेहेमच्या मधल्या नाक्यापासून झाली. हळूहळू गट वाढला आणि ऐन भरात असताना स्वयंसेविकांची संख्या चारशेच्या आसपास गेली.

यात फक्त बायकाच का? नाक्यावरचा सैनिक बहुतेक वेळा सक्तीची लष्करी सेवा करणारा अठरा-वीस वर्षांचा मुलगा असतो. समोर पुरुष उभा राहिला की गोष्ट लगेच हमरीतुमरीवर येऊ शकते. समोर आईच्या, आजीच्या वयाची बाई वही घेऊन उभी असेल तर त्याला तिच्याशी कसं वागावं हे पटकन कळत नाही. यातल्या अनेकींची स्वतःची मुलं-नातवंडंही याच सैन्यात नोकरी करून आलेली असतात. म्हणूनच समोरच्या पोराला ‘राक्षस’ ठरवून मोकळं होणं त्यांना जमत नाही.

त्या वहीत काय लिहितात?

दोघी-तिघी मिळून एक पाळी करतात. सकाळची पाळी कामगारांच्या गर्दीची, दुपारची परतीच्या गर्दीची. छातीवर गटाचा बिल्ला असतो. नोंदी अगदी साध्या असतात :

• नाक्यावर किती वाजता पोहोचलो, किती वाजता निघालो
• रांगेत अंदाजे किती माणसं, किती गाड्या
• रांगेतल्या शेवटच्या माणसाला पार व्हायला किती मिनिटं लागली
• किती जणांना बाजूला बसवून ठेवलंय, कधीपासून आणि कारण काय सांगितलं
• किती खिडक्या चालू, किती बंद
• सैनिक काय बोलले, लोक काय म्हणाले

रामल्ला आणि जेरुसलेमच्या मधल्या कलंदिया नाक्यावर म्हातारी माणसं, बायका, मुलं यांच्यासाठी वेगळं ‘मानवीय फाटक’ ठेवलेलं होतं. कागदावर ते चालू असायचं. वहीत मात्र पुन्हा पुन्हा लिहिलेलं दिसतं : आज फाटक उघडलं नाही. एका दिवसाची ही ओळ तक्रार वाटते. तीच ओळ महिनोन्महिने, तारखेसह लिहिली गेली की ती पुरावा होते. ‘तो अपवाद होता’ हे उत्तर मग चालत नाही.

अहवाल हिब्रू आणि इंग्रजीत गटाच्या संकेतस्थळावर टाकले जातात. हिब्रूत लिहिण्यामागे एक हेतू आहे. वाचक म्हणून त्यांना पहिल्यांदा स्वतःचाच समाज हवा आहे. तेल अवीवमधल्या माणसाला तासाभराच्या अंतरावर काय चालतं हे माहीत नसतं, किंवा माहीत करून घ्यायचं नसतं.

फक्त बघतात की मदतही करतात?

सैनिकांना आदेश द्यायचा अधिकार त्यांना नाही. पण त्या फोन करतात. कुणी रुग्ण अडकला, कुणाला तासन्‌तास बसवून ठेवलं, तर सैन्याच्या मदतकक्षाला किंवा वरच्या अधिकाऱ्याला फोन जातो. कधी पाच मिनिटांत माणूस सुटतो, कधी काहीच होत नाही.

पुढे काम नाक्यापलीकडेही गेलं. काही जणी लष्करी न्यायालयांत बसून कामकाजाच्या नोंदी घेऊ लागल्या. दुसरं मोठं काम ‘काळ्या यादी’चं. इस्रायलमध्ये कामाला जायचं तर पॅलेस्टिनी माणसाला परवाना लागतो आणि सुरक्षा यंत्रणेने नाव ‘प्रतिबंधित’ यादीत टाकलं तर परवाना मिळत नाही. नाव का टाकलं, हे सांगितलं जात नाही. अशा लोकांचे अर्ज भरून देणं, अपील करायला मदत करणं हे काम गटातल्या काही बायकांनी वर्षानुवर्षं केलं.

शेताला फाटक, फाटकाला वेळ

२००२ पासून इस्रायलने वेस्ट बँकच्या कडेने कुंपण आणि भिंत उभारायला सुरुवात केली. तिचा बराचसा मार्ग सीमारेषेवरून न जाता वेस्ट बँकच्या आतून जातो. जुलै २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मत देताना आतून जाणारी ही भिंत आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरोधात असल्याचं म्हटलं. भिंतीमुळे हल्ले कमी झाले, असं सांगत इस्रायलने हे मत मान्य केलं नाही.

पण या भिंतीमुळे हजारो शेतकऱ्यांचं घर एका बाजूला आणि शेत दुसऱ्या बाजूला झालं. स्वतःच्याच रानात जायला परवाना आणि शेतीचं फाटक. काही फाटकं दिवसातून दोन-तीनदा थोडा वेळ उघडतात. बरीचशी फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ऑलिव्हच्या तोडणीपुरती उघडली जातात.

कापूस पिकवणाऱ्या माणसाला यातली अडचण समजावून सांगावी लागत नाही. पीक म्हणजे फक्त वेचणी नसते. नांगरट, खुरपणी, फवारणी, पाऊस आला तर धावत जाऊन बघणं, हे सगळं फाटकाच्या वेळेत बसत नाही. वर्षभर हात न लागलेलं रान हळूहळू पडीक होतं. मखसोम वॉचच्या स्वयंसेविका या फाटकांवरही जातात आणि लिहितात : सैनिक किती वाजता यायचे होते, किती वाजता आले, किती शेतकरी परत गेले.

व्हायोलिनचा व्हिडिओ

नोव्हेंबर २००४. नाब्लुस शहराजवळचा बैत इबा नाका. एक पॅलेस्टिनी तरुण हातात व्हायोलिन घेऊन सैनिकांसमोर उभा आहे आणि वाजवतोय. मागे रांग आहे. मखसोम वॉचच्या स्वयंसेविकेने हे चित्रित केलं आणि इस्रायलभर खळबळ उडाली. छळछावण्यांत नाझींसमोर वाद्यं वाजवावी लागलेल्या ज्यू कैद्यांची आठवण अनेक इस्रायली लोकांना झाली. ‘आपण काय होत चाललोय?’ हा प्रश्न वर्तमानपत्रांत विचारला गेला.

सैन्याने आधी सैनिकांचं वागणं असंवेदनशील असल्याचं मान्य केलं. पुढे मात्र त्याला वाजवायला भाग पाडलं नव्हतं, असं सांगितलं. तरुणाचं म्हणणं वेगळं होतं.

या प्रकरणात एक विचित्र गोष्ट आहे. त्याच नाक्यावर रोज शेकडो माणसं तासन्‌तास उभी असायची, आजारी माणसं परत पाठवली जायची. ते सगळं अहवालांत लिहिलेलं होतं. त्यावर देश हलला नाही, एका व्हायोलिनवर हलला. वेगळी दिसणारी गोष्ट बातमी होते. रोजची गोष्ट कितीही वाईट असली तरी बातमी होत नाही. या गटाची वही नेमकी त्या रोजच्या गोष्टीसाठी आहे.

टीका दोन्ही बाजूंनी

इस्रायलमधल्या उजव्या गटांच्या मते या बायका देशद्रोही आहेत. त्या सैनिकांचं लक्ष विचलित करतात, त्यांचं मनोबल खच्ची करतात, हल्ल्यांत मेलेल्यांबद्दल मात्र बोलत नाहीत. वसाहतकारांकडून त्यांना शिवीगाळ आणि धक्काबुक्कीही झाली आहे.

दुसरी टीका आतून आली आणि ती जास्त बोचरी आहे. आपण नाक्यावर उभं राहिल्याने नाका थोडा सभ्य होतो. शेड येते, एखादी खिडकी वाढते, सैनिक आवाज खाली आणतो. पण मग नाका टिकायलाच मदत होते का? ‘आमच्याकडे तर निरीक्षकही येतात’ असं दाखवायची सोय आपण सत्तेला करून देतो का? संस्थापकांपैकी येहुदित केशेत यांनी २००६ मध्ये या कामावर पुस्तक लिहिलं. त्यात ही अस्वस्थता लपवलेली नाही.

गटाला यावर पक्कं उत्तर सापडलेलं नाही. नाके उठावेत ही त्यांची मागणी आहे. पण आज जो माणूस रांगेत अडकलाय त्याला ‘ताबा संपेपर्यंत थांब’ असं सांगता येत नाही. म्हणून फोनही करायचा आणि नाक्याला विरोधही करायचा.

महाराष्ट्रात असं काही घडलंय?

लष्करी नाक्यांचं नाही, पण बंद दारामागे काय चालतं ते जाऊन बघण्याचं उदाहरण मुंबईत आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगात १५ महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणींनी पोलिस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने तेच पत्र याचिका मानलं आणि निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन पाहणी करायला सांगितलं.

फेब्रुवारी १९८३ च्या निकालात न्यायालयाने निर्देश दिले. महिलांसाठी वेगळ्या कोठड्या आणि तिथे महिला पोलिसांचा पहारा, महिलांची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच, अटकेची माहिती नातेवाइकांना देणं आणि न्यायाधीशांनी कोठड्यांना अचानक भेटी देणं, हे त्यातले काही. म्हणजे पाहणाऱ्याचा डोळा न्यायालयाने व्यवस्थेचाच भाग केला.

दोन्हींतला फरकही महत्त्वाचा आहे. मुंबईच्या कोठडीतली बाई या देशाची नागरिक होती. तिच्यासाठी राज्यघटना होती, न्यायालय होतं. नाक्यावरचा पॅलेस्टिनी माणूस ज्या सैन्यापुढे उभा असतो, त्या देशाच्या सरकारला तो मत देत नाही आणि त्याच्या गावाला लष्करी आदेश लागू असतात. म्हणून तिथे नोंद निकालापर्यंत पोहोचणं फार अवघड होतं.

ऑक्टोबर २०२३ नंतर काय बदललं?

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलवर हल्ला केला. त्यात सुमारे १२०० लोक मारले गेले. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये हजारो पॅलेस्टिनी मारले गेले. वेस्ट बँकमध्ये रस्त्यांवर नवी फाटकं बसली आणि इस्रायलमध्ये कामाला जाणाऱ्या बहुतेक पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने थांबवले गेले. पहाटे तीन-चारला बेथलेहेमच्या नाक्यावर लागणारी मजुरांची रांगच आटली.

या रिकाम्या जागेचा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. भारतातून कामगार पाठवण्याचा करार इस्रायलशी मे २०२३ मध्ये, म्हणजे युद्धाच्या आधीच झाला होता. युद्धानंतर बांधकामांवर माणसं कमी पडली आणि २०२४ मध्ये भारतातून हजारो कामगार गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये भरतीची एक फेरी पुण्यातही झाली. चांगल्या पगारासाठी तिकडे जाणाऱ्या पोराची यात चूक नाही. पण त्याला मिळालेल्या कामाच्या जागी आधी कोण होतं आणि तो कुठल्या रांगेतून यायचा, हे त्याला माहीत असलं तर बरं.

नाक्याचा व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी

नाक्यांचे व्हिडिओ दोन्ही बाजूंनी फिरतात. या बायकांची वही भरायची पद्धत मोबाईल हातात असलेल्या कुणालाही वापरता येते. चार प्रश्न पुरतात :

१. ठिकाण कोणतं? नुसतं ‘पॅलेस्टाईन’ नाही, नाक्याचं नाव.
२. तारीख कोणती? जुना व्हिडिओ नवा म्हणून फिरत नाहीये ना?
३. चित्रित करणारा स्वतः तिथे होता की ऐकीव सांगतोय?
४. व्हिडिओच्या आधी आणि नंतर काय झालं?

उत्तरं मिळाली नाहीत तर व्हिडिओ खोटाच असेल असं नाही. पण तो अजून नोंद झालेला नाही, एवढं नक्की.

आष्टीहून सकाळी परतूरला निघालेली गाडी कुणी न अडवता पोहोचते आणि त्याची नोंद कुणी ठेवत नाही, कारण ठेवायची गरज पडत नाही. पंचवीस वर्षं मखसोम वॉचच्या बायका वही भरतायत, तरी नाके उठलेले नाहीत. उलट संख्या वाढली आहे. पण पुढे कधी कुणी म्हणालं की असं काही रोज घडतच नव्हतं, तर त्यांच्याकडे तारीख आहे, वेळ आहे आणि रांगेतल्या माणसांची संख्या आहे.